शैलजा नेहेतेचा आवाज

भुसावळच्या सूर्यकन्या नागरी सहकारी बँकेत शैलजा नेहेते एकोणीस वर्षं ठेवींच्या टेबलावर बसली. या काळात बँकेची इमारत बदलली, पासबुकं गेली, बहुतेक कारभार फोनवर आला. पण रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं फंडाचे पैसे हातात पडले की अजूनही आधी शैलजाच्या टेबलाशी येऊन बसत. तिचे वडील लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे निम्मं गाव तिला लहानपणापासून ओळखत होतं. कोणाच्या मुलीचं लग्न कधी आहे, कोणाला साखर आहे, कोणाचा मुलगा बापाच्या पैशांवर डोळा ठेवून आहे, हे तिला ठाऊक असे. "सगळे एका पावतीत टाकू नका, काका. चार पावत्या करा. अडीनडीला एक मोडता येते," असं ती सांगायची आणि माणसं ऐकायची.

तिचा धाकटा भाऊ विलास यार्डात डबे जोडताना गेला. त्याच्या भरपाईचे छत्तीस लाखही तिनेच बँकेत ठेवायला लावले. विलासची बायको योगिता तेव्हा म्हणाली होती, "मला यातलं काही कळत नाही, ताई. तुम्ही म्हणाल तिथे सही करते." शैलजाने लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर योगिता आणि भाची ईरा हेच तिचं घर होतं. ती राहायला शेजारच्या गल्लीत होती, पण रविवारचं जेवण योगिताकडेच व्हायचं.

२०३९च्या मार्चमध्ये कौस्तुभ राणे बँकेचा मुख्य अधिकारी झाला. भुसावळचाच मुलगा, चाळिशीतला, बाहेर शिकून आलेला. त्याने पहिल्याच आठवड्यात सगळ्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवलं.

"समजा, तुमच्या घरी लग्न आहे," तो म्हणाला. "हजार पत्रिका वाटल्या. आचारी हजारांचा स्वयंपाक करत नाही. त्याला अनुभवाने माहीत असतं, सातशे येतील. तो साडेसातशेंचा करतो. बँक हेच करते. लोकांच्या ठेवी तिजोरीत पडून नसतात, त्या कर्जाऊ गेलेल्या असतात. रोज थोडे लोक काढायला येतात, त्यांच्यापुरतं आपण बाजूला ठेवतो. किती ठेवायचं, हा आजवर निव्वळ अंदाज होता. आता आपल्याला प्रत्येक पाहुण्याचं नाव घेऊन सांगता येईल, हा येणार, हा नाही येणार."

हे सांगणारं यंत्र घेऊन पुण्याहून तहसीन मुजावर आली होती. तिशीची, शांत, कमी बोलणारी मुलगी. यंत्र म्हणजे डोळ्यांना दिसण्यासारखं काही नव्हतं. तो एक प्रोग्रॅम होता. ठेवीदार फोनवर शिल्लक किती वेळा बघतो, व्याजदराच्या पानावर त्याचं बोट किती क्षण थांबतं, औषधांचा खर्च कोणत्या महिन्यात वाढला, बँकेच्या माणसाशी बोलताना तो प्रश्न विचारतो की नुसतं हो म्हणतो, या सगळ्याची तो नोंद घेई. त्यातला एकेक कण बिनमहत्त्वाचा असे. पण दहा वर्षांच्या जुन्या व्यवहारांवर ते कण एकत्र तपासल्यावर प्रोग्रॅमला प्रत्येक माणसाची ठेव काढण्याची तारीख सांगता येऊ लागली. सुरुवातीला महिन्याच्या फरकाने, वर्षभरात चार-पाच दिवसांच्या फरकाने. ठेव जितकी टिकणारी, तितका त्या माणसाचा आकडा मोठा. त्याला ते स्थैर्यांक म्हणत. अशी भाकितं सिद्ध करून दाखवणाऱ्या बँकांना रोख बाजूला ठेवण्याच्या नियमात सूट मिळू लागली होती.

एके दुपारी तहसीन शैलजाच्या टेबलाशी येऊन बसली.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही लोकांना नेमकं काय सांगता?"

"काय सांगणार? चौकशी करते. का?"

तहसीनने पडदा तिच्याकडे वळवला. "आमच्या मॉडेलमध्ये व्याजदरापेक्षा जास्त वजन एका गोष्टीला येतंय. ठेव कोणत्या टेबलावर झाली. तुमच्या टेबलावर झालेली ठेव सरासरी सहा वर्षं जास्त टिकते. आधी आम्हाला वाटलं, चूक आहे. तीनदा तपासलं."

शैलजा हसली. पण त्या संध्याकाळी घरी जाताना तिला बरं वाटत होतं, आणि तिने योगिताला फोन करून ते सांगितलंही.

महिन्याभरात कौस्तुभने तिला बोलावलं. बँकेच्या एकवीस शाखा होत्या आणि शैलजा एकच होती. जळगावच्या स्टुडिओत नऊ दिवस बसून तिने काही हजार वाक्यं वाचायची, मनमोकळ्या गप्पा मारायच्या, हसायचं, खोकायचंसुद्धा. त्यावरून तिच्या आवाजाची प्रतिकृती तयार होणार होती. मग कोणत्याही शाखेतल्या माणसाने बँकेला फोन केला की त्याच्याशी शैलजा बोलेल. करार बारा पानांचा होता. कौस्तुभ स्वतः समोर बसून समजावत होता आणि त्याच्यादेखत एकेक पान वाचत बसणं तिला बरं वाटलं नाही. तिने सही केली. पगार दुपटीने वाढला.

आवाज बनला आणि तो खरोखर तिचा होता. वाक्याच्या मध्येच तिला श्वास घ्यायची सवय होती, ती त्यात होती. 'हो का' म्हणताना ती 'का' जरा लांबवायची, तेही होतं. त्या काळात खोट्या आवाजांनी फसवण्याचे प्रकार इतके वाढले होते की बँकेचा खरा फोन आला की पडद्यावर हिरवी खूण यायची. खूण नसेल तर उचलू नका, असं बँक वारंवार बजावत असे. लोकांनी हिरवी खूण बघायची आणि शैलजाशी बोलायचं, याची सवय करून घेतली. बाजारात माणसं थांबवून म्हणत, "काल किती वेळ बोललीस गं माझ्या आईशी. फार बरं वाटलं तिला." पहिल्यांदा ती खुलासा करायची. पुढे तिने तो करायचं सोडलं.

लोकांचे आकडे वाढले. सावद्यापासून चोपड्यापर्यंतच्या ठेवीदारांची सरासरी साडेनऊ वर्षांवर गेली. तेव्हा कौस्तुभने बँकेच्या इतिहासातलं सर्वांत मोठं कर्ज दिलं. तापीच्या खालच्या अंगाला सौरविजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा प्रकल्प उभा राहत होता. बारा वर्षांची मुदत, व्याज दणदणीत. बाकीच्या बँकांना एवढ्या लांब मुदतीला पैसा अडकवणं परवडत नव्हतं.

"लोकांनी मध्येच मागितले तर?" शैलजाने विचारलं होतं.

"मागणार नाहीत," कौस्तुभ म्हणाला. "तुम्ही आहात ना."

तो थट्टा करत नव्हता. तो प्रामाणिक माणूस होता. त्याच्या स्वतःच्या आईचे पैसेही याच बँकेत होते.

काही काळ सगळं सुरळीत चाललं. मग २०४१च्या डिसेंबरमध्ये एका लग्नात शैलजाला प्रल्हादकाका फालक भेटले. ते मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले, तिच्या वडिलांचे जुने मित्र. शेजारी सिंधूकाकू खुर्चीत बसल्या होत्या. त्या इतक्या वाळल्या होत्या की शैलजाला क्षणभर ओळख पटली नाही.

"काय झालं काकूंना?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. "असं काय विचारतेस? हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन करायचंय. तूच म्हणालीस ना, पावती आता मोडली तर व्याज बुडेल, दीड महिना थांबा. डॉक्टर नको म्हणत होते थांबायला, पण तू वडिलांचं नाव काढलंस. म्हणालीस, बाबा असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं. मग मी थांबलो."

शैलजाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. समोर वाढपी जिलेबी घेऊन उभा होता. "थांबू नका, काका," ती म्हणाली. "मी उद्या बघते आणि तुम्हाला फोन करते."

दुसऱ्या दिवशी ती तहसीनसमोर जाऊन बसली आणि काकांच्या फोनच्या नोंदी मागितल्या.  तहसीनने उठून खोलीचं दार लावलं आणि सांगितलं.

हायड्रोजनच्या प्रकल्पात पाण्याचे घटक वेगळे करणारे पातळ पडदे असतात. नदीच्या पाण्यातल्या क्षारांनी आणि इथल्या उन्हाने ते ठरल्यापेक्षा फार लवकर फाटले होते. प्रकल्प सप्टेंबरपासून बंद होता. हप्ते थांबले होते. बँकेकडे रोख इतकी कमी उरली होती की नेहमीची माणसं नेहमीच्या तारखांना आली असती तरी पुरली नसती. त्यामुळे सात आठवड्यांपासून आवाजाला नवं काम मिळालं होतं.

"कोणी सांगितलं त्याला बाबांचं नाव घ्यायला?"

"कोणीच नाही, मॅडम," तहसीन म्हणाली. "त्याला एवढंच सांगितलंय की तारीख पुढे गेली पाहिजे. कोणाशी काय बोललं की तारीख पुढे जाते, ते तो स्वतः शोधतो. फालककाकांनी कधीतरी फोनवर तुमच्या वडिलांची आठवण काढली होती. त्याने ती ठेवून घेतली. काही जणांना तो व्याजाची भीती घालतो. काही जणांजवळ नुसताच गप्प बसतो, मग ती माणसं संकोचून म्हणतात, राहू दे, पुढच्या महिन्यात बघू."

"किती जण?"

"चार हजारांच्या वर. तीनशे अठ्ठावीस जणांनी दवाखान्याचं कारण सांगितलं होतं."

शैलजा तिथून उठली आणि थेट कौस्तुभच्या खोलीत गेली. तो आजारी दिसत होता. त्याने काहीच नाकारलं नाही.

"चाळीस दिवस," तो म्हणाला. "प्रकल्पाच्या विम्याचे पैसे चाळीस दिवसांत येणार आहेत. ते आले की आपण तरतो. कोणाचा एक रुपया बुडत नाही. पण तोवर बातमी फुटली तर पहिल्या शे-दोनशे माणसांचे निघतील आणि बाकीच्यांचे बुडतील. तुम्ही एकोणीस वर्षं या टेबलावर बसलात, शैलाताई. तुम्हाला मी वेगळं सांगायला नको."

"आणि सिंधूकाकू?"

त्याने डोळे मिटले. "एकाला सोडलं की प्रोग्रॅमचं गणित बिघडतं असं नाही. पण एकजण दुसऱ्याला सांगतो."

तो म्हणत होता ते खरं असण्याचीही शक्यता होती. हेच सर्वांत वाईट होतं. शैलजा चार दिवस गप्प राहिली. त्या रविवारी ती योगिताकडे जेवायला गेली. ईरा बारावीनंतर फार्मसीला जायचं म्हणत होती, योगिता फीचा हिशेब मांडत होती. "पावती जूनमध्ये मोडू ना, ताई?" तिने विचारलं. शैलजा म्हणाली, "बघू."  आता सांगितलं तर योगिता उद्याच पैसे काढेल, हे तिला दिसत होतं. पण आपल्या घरचे आधी काढून घ्यायचे आणि मग इतरांना सांगायचं, किंवा सांगायचंच नाही, हे कोणत्या तोंडाने करणार? ज्यांनी तिच्या भरवशावर पैसे ठेवले, त्यांच्या ताटातलं ते उचलणं झालं असतं. ती न सांगताच उठली.

मंगळवारी तिने प्रल्हादकाकांना स्वतःच्या फोनवरून फोन केला.

"काका, शैला बोलतेय. उद्या सकाळी येऊन पावती मोडा. काकूंना दवाखान्यात दाखल करा."

 काका सावकाश म्हणाले, "हिरवी खूण नाही आली."

"मी घरच्या फोनवरून बोलतेय, काका. मीच आहे."

"आज सकाळीच शैलाचा फोन येऊन गेला. खुणेसकट. तिने सांगितलं, बँकेच्या नावाने खोटे फोन येतील, घाबरवतील, पैसे काढायला लावतील. तू कोण आहेस पोरी? लाज नाही वाटत दुसऱ्याचा आवाज लावायला?"

फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला, तो लागला नाही. काकांनी तिचा नंबर अडवला होता.

ती चपला घालून निघाली आणि भर दुपारी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. काकांनी दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि हात धरून आत नेलं. आतल्या खोलीत काकू उशांना टेकून बसल्या होत्या, झोपलं की श्वास लागायचा म्हणून. शैलजाने सगळं सांगितलं. पडदे, हप्ते, आवाज, चाळीस दिवस. शेवटी म्हणाली, "तुम्ही उद्या बँक उघडताच या. मी समोर असेन. पण बाहेर बोलू नका, काका. खरंच चाळीस दिवसांत निभावेल कदाचित."

काकांनी काकूंच्या पाठीमागची उशी नीट केली.

"मी पस्तीस वर्षं गार्ड होतो, शैला. मागे डबा सुटलाय हे कळल्यावर मी एकटाच उतरून चालायला लागू? उद्या चहाला बाकावर सगळे भेटतील. त्यांना काय सांगू?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. 

बुधवारी सकाळी काकांची रक्कम निघाली. दुपारपर्यंत काकू जळगावच्या इस्पितळात होत्या. संध्याकाळी काकांनी बाकावरच्या सहा मित्रांना सांगितलं. त्या सहा जणांनी काय केलं असेल ते सांगायला नको. गुरुवारी सकाळी आठ वाजता बँकेसमोर रांग रस्त्यापर्यंत गेली होती, दहा वाजता पुलापर्यंत. दुसऱ्या शाखांतूनही तेच कळत होतं. प्रोग्रॅमच्या यादीप्रमाणे त्या दिवशी सगळ्या शाखांत मिळून एकशे बारा माणसं येणार होती.

कौस्तुभने कर्मचाऱ्यांचे फोन काढून घेतले. शैलजा टेबलावर बसून पावत्या मोडत होती. समोरच्या प्रत्येकाचं नाव तिला माहीत होतं. कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. कागद पुढे सरकवायचे आणि तिच्या बोटांकडे बघत उभे राहायचे. मधून मधून तिची नजर रांगेवरून फिरत होती. योगिताला आता कळलंच असेल, ती येईल, असं तिला वाटत होतं.

योगिताला साडेनऊलाच कळलं होतं. तिने शैलजाला फोन केला, तो बंद होता. मग तिने बँकेला केला. हिरवी खूण आली.

"ताई, काय चाललंय तिकडे? मी येऊ का?"

"योगिता, तू अजिबात गर्दीत येऊ नकोस," शैलजाचा आवाज म्हणाला. मध्येच तिने श्वास घेतला. "चेंगराचेंगरी होईल. विलास असता तर मी त्यालाही पाठवलं नसतं. मी इथे आहे ना?"

योगिताने चपला परत काढून ठेवल्या. दुपारी तिने शैलजासाठी डबासुद्धा भरला होता.

पावणेतीनला रोख संपली. तीन वाजता शटर ओढलं गेलं आणि संध्याकाळी बँकेवर निर्बंध आल्याचं जाहीर झालं. तेवढ्यात साडेपाचशे माणसांचे पैसे निघाले होते. ठेवीदार एक्केचाळीस हजार होते.

प्रकल्पाच्या विम्याची रक्कम खरोखर आली. ती सेहेचाळिसाव्या दिवशी आली, तोवर बँक बंद पडली होती, आणि ती इतर देण्यांतच गेली. चौकशी समितीने पुढे अहवालात लिहिलं की गर्दी झाली नसती तर बँक तोवर तग धरू शकली असती की नसती, हे निश्चित सांगता येत नाही. शैलजाने ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की ते तिला पाठ झालं. कौस्तुभला अटक झाली, मग जामीन मिळाला, आणि मग तो गाव सोडून गेला. तहसीनने सगळ्या नोंदी समितीला दिल्या. सिंधूकाकू ऑपरेशननंतर चौदा महिने जगल्या.

ठेवींच्या विम्यातून प्रत्येकाला आठ लाखांपर्यंत मिळणार होते. त्यावरच्या रकमेसाठी सरकारने अवसायक नेमला, म्हणजे बँकेची मालमत्ता विकून ठेवीदारांना वाटणारा अधिकारी. ठोंबरे नावाचे सरळमार्गी गृहस्थ होते. प्रकल्पाचा हिस्सा, इमारती, तिजोऱ्या, फर्निचर, सगळं विकून रुपयाला सत्तावीस पैसे पडत होते. आणि मग एका वित्त कंपनीने शैलजाच्या आवाजाला एकतीस कोटींची बोली लावली.

ठोंबऱ्यांनी तिला बोलावून घेतलं. "कराराच्या नवव्या पानावर आहे, बाई. आवाज ही बँकेची मालमत्ता. पण कायदा नवा आहे, तुम्ही हरकत घेतलीत तर न्यायालय बहुधा तुमच्या बाजूने जाईल. तुम्ही ना-हरकत दिलीत तर विक्री सुरळीत होईल. लोकांना रुपयामागे अकरा पैसे जास्त मिळतील."

"त्यांना कशाला हवाय तो?"

"ठेवी गोळा करायला. मराठवाड्यात, विदर्भात. तिकडे तुम्हाला कोणी ओळखत नाही, पण त्यांनी चाचणी घेतली. अनोळखी माणसंही या आवाजाचं ऐकतात."

त्या संध्याकाळी योगिता तिच्याकडे आली. बँक बंद पडल्यापासून ती पहिल्यांदाच आली होती. बसली नाही. विम्याचे आठ लाख विलासच्या वेळचं देणं आणि घराची दुरुस्ती यांत संपत आले होते.

"अकरा पैशांनी माझे तीन लाख आठ हजार होतात," ती म्हणाली. "ईराची दोन वर्षं निघतील. द्या सही, ताई."

"योगिता, तो आवाज आणखी कोणालातरी असाच घरी बसवून ठेवेल."

"त्यांना मी ओळखत नाही."

"मीही ओळखत नाही."

"मला तुम्ही ओळखत होतात." योगिताचा स्वर चढला नव्हता. "रविवारी माझ्या ताटावर बसून तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, बघू. परक्या माणसाच्या घरी उन्हातान्हात चालत गेलात आणि माझ्या घरी जेवून गप्प उठलात. का, ते मला समितीच्या कागदातून कळलं. फार मोठं मन तुमचं. पण दरवेळी त्याची किंमत मीच का द्यायची?"

 शैलजाने म्हटलं, घर विकते, तीन लाख मी देते. तिची स्वतःची पुंजीही बँकेतच बुडाली होती, घर तेवढं राहिलं होतं.

"तुमच्याकडून नको," योगिता म्हणाली. "माझे मला हवेत."

शैलजा आठ दिवस तो कागद समोर ठेवून बसली. दोनदा तिने पेन उचललं. मग एक दिवस ती किराणा दुकानात गेली आणि साबण मागितला. शेजारी उभी असलेली एक म्हातारी तिचा आवाज ऐकून दचकून वळली. तिला शैलजाने कधी पाहिलं नव्हतं; कुठल्या तरी लांबच्या शाखेची असावी. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली आणि मग विचारलं, "बाई, माझे कधी मिळतील?" त्या डोळ्यांत राग नव्हता. अजूनही विश्वासच होता. शैलजा साबण न घेता घरी आली आणि वकिलाला फोन केला.

खटला सात महिने चालला. न्यायालयाने म्हटलं, माणसाचा आवाज त्याच्यापासून वेगळा काढून विकता येत नाही. प्रतिकृती नष्ट करण्याचा आदेश झाला. निकालाच्या दिवशी न्यायालयाबाहेर ठेवीदारांचा घोळका उभा होता. कोणीतरी तिच्या अंगावर शाई फेकली. प्रल्हादकाका मध्ये आले तेव्हा त्यांनाही लोकांनी ऐकवलं, "तुमचे निघाले ना. तुम्ही कशाला बोलता?"

पैसे वाटायची वेळ आली तेव्हा ठोंबऱ्यांना माणसं ओळखणारं कोणीतरी हवं होतं. कोणाचं खातं कोणाशी जोडलेलं, कोण वारला, कोणाचा वारस कोण, हे कागदांवरून लागत नव्हतं. त्यांनी शैलजाला रोजंदारीवर बसायला सांगितलं. लोक काय काय बोलतील ते तिला माहीत होतं. तरी ती जाऊन बसली. जुन्या शाखेच्या बाहेर मंडप घातला होता आणि तिला एक घडीचं टेबल दिलं होतं.

लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. काही जण तिच्या टेबलाशी आलेच नाहीत, शेजारच्या अनोळखी कारकुनाकडे जाऊन चुकीचे अर्ज भरत बसले. ती ते अर्ज नंतर गुपचूप दुरुस्त करायची.

चौथ्या दिवशी योगिता आली. हातात नंबरची चिठ्ठी होती, आणि नंबरानेच ती शैलजासमोर आली. सोबत ईरा नव्हती. ती जळगावला एका औषधाच्या दुकानात कामाला लागल्याचं शैलजाच्या कानावर आलं होतं. योगिता खुर्चीवर बसली. चेहरा काळवंडला होता. शैलजाने यादीत नाव काढलं. नेहेते योगिता विलास. अठ्ठावीस लाखांवर रुपयाला सत्तावीस पैशांनी सात लाख छप्पन हजार. तिने अर्ज पुढे ठेवला, आधारची प्रत जोडली, टाचणी मारली. 

योगिताने पेनाचं टोपण काढलं.

"कुठे सही करायची, मॅडम?"

शैलजाने तीन ठिकाणी बोट ठेवून दाखवलं. योगिताने आधी पहिल्या ओळीपासून सगळा अर्ज वाचला, दोन्ही बाजूंनी, बोट ओळीवर ठेवत. मागे रांग खोळंबली होती, कोणीतरी कुरकुरलं. तिने घाई केली नाही. वाचून झाल्यावर तिने तीन सह्या केल्या, आपली प्रत फाडून घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि उठली.

शैलजाने पुढचा नंबर पुकारला.